इंद्रभानचे नवे कंडेन्सर

अख्ख्या रिठदमध्ये इंद्रभानसारखा कान कुणाला नव्हता. रस्त्यानं जाताना एखाद्या घरातला रेडिओ खरखरला, की हा गडी बाहेरूनच सांगायचा, सेल बसलेत किंवा स्पीकरचा कागद फाटलाय. उघडून पाहिलं की तेच निघायचं. पंचायतीच्या विहिरीवरचं इंजिन चालवणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. उरलेला वेळ तो घरच्या ओट्यावर, तारांना डाग द्यायचा काविया निखाऱ्यात खुपसून, गावभरचे मेलेले रेडिओ जिवंत करत बसायचा.

मी उकंडराव, त्याचा शेजारी. शिलाई मशीन चालवतो. आमच्या दोघांच्या घरांची मधली भिंत एकच, आणि तीही मातीची, त्यामुळे एकमेकांचं भांडण ऐकू येऊ नये म्हटलं तरी यायचं. लोक त्याच्या कानाचं कौतुक करायचे, मला मात्र त्या कानाची कीव यायची. तसा कान असून घरात काय काय ऐकावं लागतं, हे भिंतीपलीकडून मला ठाऊक होतं.

त्याची बायको लिलाबाई. छप्पनच्या दीक्षेनंतर वाशीमहून एक उपासक वस्तीत येऊन वंदना शिकवायचे. आम्ही बाप्ये नुसते ओठ हलवायचो. नवी नवरी असलेल्या लिलाबाईनं मात्र त्रिसरण, पंचशील, सगळं आधी पाठ केलं आणि मग आम्हाला घोकून घोकून शिकवलं. विहारात ना पेटी, ना तबला. एकीनं सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी तिच्या सुरात सूर मिसळायचा, हीच आमची रीत. सुरुवात करणारी नेहमी लिलाबाई. लग्न असो, बारसं असो, मयत असो, ती बोलल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे.

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि तिला मुदतीचा ताप आला. जीव वाचला, पण कान गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काही कळायचं. आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की तो कुठं भरकटतो हे माणसाला कळत नाही. तिचा आवाज हळूहळू खाली उतरला, सपाट झाला, मोठा झाला. ओळ सुरू व्हायची एकीकडे आणि संपायची भलतीकडे. पहिल्या पौर्णिमेला विहारातून निघताना तिनं नवऱ्याला विचारलं, बरोबर झालं का. त्यानं मान डोलावली, मस्त म्हणाला. मग दर पौर्णिमेला तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

कुणी बैठक घेतली नव्हती, ठराव केला नव्हता. पण तिचा सूर खाली उतरला की आम्हीही उतरायचो. माझी बायको गंगू तर तिच्या शेजारी बसून तिचा सूर जसाच्या तसा उचलायची. नंतर शिकलेल्या पोरींना वंदनेचा दुसरा सूर असतो हेच माहीत नव्हतं. बाहेरगावचा पाहुणा आला की चमकून आमच्याकडे पाहायचा. आम्ही मख्ख चेहऱ्यानं पुढं म्हणत राहायचो.

बायकोला ऐकू यावं म्हणून इंद्रभाननं तो डबा केला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ट्रान्झिस्टर आणि सेल बसवले. एका मोडक्या रेडिओचा छोटा स्पीकर उलटा जोडला, म्हणजे तो बोलायच्या ऐवजी ऐकायचं काम करू लागला. अकोल्याच्या भंगारातून मिलिटरीचे जाडजूड हेडफोन आणले. गळ्यात अडकवायची पिशवी मी शिवली, स्पीकरच्या जागी पातळ मलमल लावून. लिलाबाईनं ते कानाला लावलं, दारातली कोंबडी ऐकली आणि रडायला लागली. आम्हीही डोळे पुसले, उगाच कशाला लपवू.

पण चार दिवसांनी तक्रार सुरू झाली. शब्द कळतात, माणूस कळत नाही. सगळ्यांचे आवाज सारखेच, डबीत मच्छर कोंडल्यासारखे. लेक अंजना केनवडहून माहेरी आली होती. माय तिच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि नंतर गंगूला म्हणाली, पोरीचा आवाज कसा होता तेच आता आठवत नाही. हे इंद्रभाननं ऐकलं, आणि त्याच्या डोक्यात भुंगा शिरला.

दोष कुठं आहे ते त्याला लगेच समजलं. त्यानं मलाही समजावलं, कारण मी ओट्यावर बसून दुसरं काय करणार. कंडेन्सर म्हणजे आवाजाच्या वाटेवरचं फाटक. फाटक अरुंद असलं की बारीक आवाज निसटून जातो, जाड आवाज अलीकडेच अडकतो. त्यानं घातलेले कंडेन्सर मेलेल्या रेडिओंतून उपटलेले, आतून वाळून गेलेले. नवे आणि मोठे घातले की माणसाचा आवाज माणसासारखा येईल.

वाशीमला जाऊन त्यानं नवे कंडेन्सर आणले. ते इतके मोठे निघाले की जुन्या डब्याचं झाकण लागेना. मग चहापत्तीचा मोठा डबा शोधला, आणि मला पिशवीही नवी शिवावी लागली. रविवारी दुपारी त्यानं काम काढलं. राळेचा धूर, वितळलेल्या कथलाचा वास, आणि हा श्वास रोखून बसलेला. एकेक जुना सुटा केला, नव्याची कोणती तार कुठं जाते ते दोनदा पाहून डाग दिला. मग स्वतः हेडफोन लावून मला अंगणाच्या टोकाला उभं केलं आणि बोल म्हणाला. मी माझ्या सासऱ्याबद्दल दोन शब्द बोललो. तो हसला. इतका खूश तो मला पुन्हा दिसला नाही.

सगळं तपासलं गड्यानं. एक गोष्ट सोडून. तो डबा दुसऱ्याच्या नाही, लिलाबाईच्या छातीवर लटकणार होता. त्याच्या सगळ्यात जवळचं तोंड तिचंच होतं. जुन्या कंडेन्सरांनी इतरांसारखा तिचाही आवाज मच्छराचा करून टाकला होता, म्हणून तिला काही कळलं नव्हतं. आवाजातला एवढा जाणकार, पण ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही, आणि माझ्या तर येणारच नव्हती.

लिलाबाईनं हेडफोन लावले. मी बरं वाटते का विचारलं. ती म्हणाली, "उकंडभाऊ, तुमचा आवाज एवढा भारी हाये का?" आणि हसली. हसता हसता थांबली. इकडे तिकडे पाहिलं. "हे कोण बोलून राह्यलं?" तिनं विचारलं. विचारताना ते पुन्हा ऐकलं. तिचा हात आपसूक डब्यावर गेला.

ती उठून आत गेली. आम्हाला त्रिसरणाची पहिली ओळ ऐकू आली, तीच सपाट, खाली घसरत जाणारी. ओळ अर्ध्यावर थांबली. मग पुन्हा सुरू झाली, वर चढायला गेली आणि आपटली. तिसऱ्यांदा काही आवाज आला नाही.

बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "कवापासून?" तिनं नवऱ्याला विचारलं. इंद्रभान हातातल्या काविया‌कडे पाहत राहिला. "तुमाले रस्त्यावरून रेडिओचा रोग समजते," ती म्हणाली. "मंग माया गळा कायले नाई समजला?"

"समजला होता," तो म्हणाला.

मी तिथून उठायला हवं होतं, पण उठलो नाही. लिलाबाईनं गळ्यातली पिशवी काढून त्याच्यापुढं ठेवली आणि जुनेच कंडेन्सर बसवा म्हणाली. त्यानं काविया पुन्हा निखाऱ्यात घातला. बिघडलेलं यंत्र दुरुस्त करताना मी त्याला आयुष्यभर पाहिलं होतं, चांगलं यंत्र स्वतःच्या हातानं बिघडवताना त्याच दुपारी पाहिलं.

पण एकदा ऐकलेलं काही परत जात नाही. लिलाबाई बोलेनाशी झाली. पाणी हवं तर तांब्या दाखवायची, जेवायला बोलवायचं तर ताट आपटायची. भिंतीपलीकडून मला आता नुसती भांडी ऐकू यायची. इंद्रभान माझ्याकडे येऊन मशीनजवळ बसायचा आणि चिंध्या चिवडायचा. मी खोटं बोलत होतो तोवर तिचं तोंड उघडं होतं, एवढंच तो एकदा म्हणाला.

पौर्णिमा आली. लिलाबाई येणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. ती आली, पण नेहमीच्या जागी पुढं न बसता मागं भिंतीला टेकली. गळ्यात डबा, कानाला हेडफोन. मेणबत्त्या लावून झाल्या, फुलं वाहून झाली. सगळे हात जोडून बसलेले, आणि कुणी तोंड उघडेना. म्हातारे खाकरले. पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. लिलाबाई खाली मान घालून बसून राहिली.

मग माझ्या गंगूनं सुरुवात केली. गंगूचा गळा चांगला आहे, जात्यावर ऐकलाय मी. तिला खरा सूर माहीत होता, उपासकांनी शिकवलेला. पण तिनं तो घेतला नाही. तिनं लिलाबाईचा घेतला, तोच खाली उतरलेला, सपाट. आणि सगळी वस्ती त्यात मिसळली.

इंद्रभान बाप्यांतून उठला आणि बायकोजवळ जाऊन बसला. मी मागंच होतो. मच्छराच्या त्या आवाजात सूर कळायची सोय नव्हती, म्हणून तिनं विचारलं, "कोनाच्या सुरात म्हनून राह्यले?"

त्यानं तिच्या छातीवरच्या मलमलीपाशी तोंड नेलं. "तुया."

"बरोबर हाये का तो?"

दर पौर्णिमेचा हा प्रश्न. त्याचं उत्तर मला पाठ होतं. "नाई," इंद्रभान म्हणाला.

तिनं बायकांच्या पाठींकडे पाहिलं. "त्याइले समजत नाई का?"

"समजते. सगळ्याइले समजते."

लिलाबाईचा चेहरा असा झाला, की मी मान फिरवली. तिला त्या घडीला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही, मार बसल्यासारखं की कुशीत घेतल्यासारखं. बहुतेक दोन्ही. पुन्हा पाहिलं तेव्हा तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते, आणि तिचं तोंड उघडलं होतं. पंचशील चालू होतं. ती मोठ्यानं म्हणत होती, पहिल्यासारखीच वेडीवाकडी, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि शेजारी तो चांगल्या कानाचा माणूस तिच्या सुरात सूर लावून बसला होता.