समोर बसा, मग उसवते

शहागंजात हलिमाआपांचं गादी-रजईचं दुकान होतं. जुनी रजई घेऊन कुणी आलं की आपा रजईकडे नंतर पाहायच्या, आधी माणसाकडे पाहायच्या आणि विचारायच्या, "वेळ हाय का?"

"किती लागंल?"

"दोन तास. समोर बसा, मग उसवते."

गिऱ्हाईक म्हणायचं, मी बाजार करून येतो, तुम्ही करून ठेवा. आपा रजईची नीट घडी घालून त्याच्या हातात परत द्यायच्या. "मंग बाजार झाल्यावर या."

कापूस पिंजून घेताना घरचं माणूस समोर बसवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. चांगला कापूस काढून घेतील आणि वाईट भरतील, ही भीती. माझी आईसुद्धा मजुरी बुडवून पिंजाऱ्यासमोर बसायची. पण तिथं संशय गिऱ्हाइकाचा असायचा. इथं दुकानदारीणच गिऱ्हाइकाला संशय घ्यायला लावत होती. असं दुकान मी दुसरं पाहिलं नाही.

आपा स्वतःही सगळ्यांवर संशय घ्यायच्या. कापसाची गाठ आली की हात कोपरापर्यंत आत घालून मधला कापूस ओढून काढायच्या, वरचा बघायच्याच नाहीत. दोऱ्याचं नवं रीळ आलं की हातभर दोरा तोडून बघायच्या. समोरच्या टपरीवरून चहा आला की कपात डोकावून म्हणायच्या, "दूध आजचं हाय ना रे?" टपरीवाला म्हणायचा, "आपा, म्हशीला घेऊन येऊ का वर?" त्यावर आपा गंभीरपणे म्हणायच्या, "आण. पण दूध माझ्यासमोर काढ."

मी त्यांच्याकडे गेलो तो एका विचित्र कामासाठी. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. बीएस्सी झाल्यावर फर्दापूरजवळच्या एका कॅम्पवर मला नोकरी लागली. लेणी पाहायला आलेले पाहुणे तिथं मुक्कामाला असतात. तंबू आहेत, आणि झाडांना बांधलेले हॅमॉक, म्हणजे कापडी झोळ्याही आहेत. थंडीत झोळीत झोपलेला पाहुणा वरून दोन रजया घेऊनही सकाळी पाठ धरून उठायचा. आम्ही झोळीत आतून गादी टाकून पाहिली, तरी तक्रार तीच. मग मालकांना कळलं की यासाठी वेगळी रजई मिळते. ती झोळीच्या खालून, बाहेरून टांगायची. आत बदकाची मऊ पिसं असतात. तिला अंडरक्विल्ट म्हणतात. मालकांनी तीन ठिकाणच्या नमुन्याला मागवल्या. हिरवी सगळ्यात महाग, राखाडी मधली, नारिंगी स्वस्त. हिरवी त्यांच्या मनात भरली होती, म्हणून ती दोन मागवली. मला म्हणाले, "तू बीएस्सी आहेस. कोणती जास्त ऊब देते आणि कोणती पैशाला परवडते, ते तपासून सांग. बारा घ्यायच्यात."

मी तिन्ही रजयांची वजनं केली, पिसं किती फुगतात याचे चिठ्ठ्यांवरचे आकडे वहीत उतरवले. पण आत खरंच काय भरलंय, हे चिठ्ठीवरून कसं कळणार? फर्दापूरच्या दोन हॉटेलांच्या रजया हलिमाआपा भरतात, असं ऐकलं होतं. म्हणून स्वयंपाकघरातला काटा आणि तीन रजया घेऊन मी शहागंज गाठलं.

आपांनी सगळं ऐकून घेतलं, दुसरी हिरवी कॅम्पवर बंद पाकिटात आहे हेही, आणि विचारलं, "खालून कशाला टांगतेत?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "हां, समजलं. अंगाखाली दबली तर मेली. फुगलेली रुईच गरम ऱ्हाती. लटकवली की दबत नाय. कुणी केलं हे? डोकं हाय त्याला." जे समजायला मला दोन दिवस लागले होते, ते त्यांना चहा गार व्हायच्या आत समजलं. मग माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे आकडे कुणी लिवलेत?"

"कंपनीनं."

"इकणाऱ्यानं. आणि तू वहीत उतरवलेत. बीएस्सी हाय ना तू?" तेव्हापासून माझं नाव बीएस्सीच पडलं.

त्या दिवशी त्यांनी दार लावलं, पंखा बंद केला आणि मला समोर बसवून एकेका रजईची कडेची शिवण चार बोटं उसवली. तरी पिसं उडालीच. आपांच्या भुवयांवर बसली, माझ्या नाकात गेली. त्यांनी प्रत्येक रजईतली पाच-पाच ग्रॅम पिसं माझ्या काट्यावर मोजून घेतली आणि फरसाणाच्या तीन सारख्या बरण्यांत टाकली. मुठीनं तळापर्यंत दाबली, सोडली आणि म्हणाल्या, "आता बघत बस. कोण उठतं ते."

नारिंगीची पिसं अर्ध्यावरच थांबली. आपांनी त्यातली चिमूटभर गालाला लावली आणि झटकन हात काढला. "काड्या हायेत. पंखाची पिसं तोडून घातलीत." राखाडीची पिसं छान वर आली. हिरवीवरचा आकडा सगळ्यात मोठा होता, पण ती राखाडीपेक्षा खालीच राहिली. आपांनी हिरवीची पिसं नाकाशी नेली. "ओली हाय ही. कुठंतरी दमट गोदामात पडून होती. दोन दिवस ऊन दिल्याबिगर हिचा न्याय करू नको."

बरण्यांतली पिसं ज्याच्या त्याच्यात परत भरून राखाडी आणि नारिंगी त्यांनी लगेच शिवून दिल्या. हिरवीला कच्चा टाका घातला, आणि तेवढ्यात मालकांचा फोन आला. पाहुण्यांची बस येत होती, मला लगेच परतायचं होतं. आपांनी हिरवीची घडी घालून माझ्यापुढं धरली. "घेऊन जा. सवडीनं ये, मंग ऊन देऊ."

मी म्हणालो, "राहू द्या की आपा. माझा तुमच्यावर विश्वास आहे."

"नको ठेवू. बस."

मी बसलो नाही. रजई तिथंच ठेवून निघालो. तिसऱ्या दिवशी घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या देखत पक्की शिवण घातली आणि विचारलं, "काटा आणला का? तोलून घे."

"काटा कॅम्पवर राहिला. आणि तुमच्यावर विश्वास आहे म्हणालो ना."

"विश्वास काट्यावर ठेव. माझ्यावर कशाला?"

कॅम्पवर येताच मी काय केलं? दार ओढून घेतलं आणि रजई काट्यावर ठेवली. मालकांना द्यायच्या तक्त्यासाठी वजन हवं होतं, हे खरं. पण मग दार कशाला ओढून घेतलं? काट्यावर अडतीस ग्रॅम कमी दिसत होते. तीनदा तोललं, तरी तेवढेच. राखाडी आणि नारिंगी माझ्यासमोर शिवल्या होत्या, त्यांचं वजन जसंच्या तसं होतं. कमी झाली होती ती मी पाठ फिरवलेली एकटी हिरवी, सगळ्यात महाग पिसांची. पिसं हलकी असतात. अडतीस ग्रॅममध्ये लहान मुलाची उशी भरून होते.

त्यांचं एकेक वाक्य मला उलटं ऐकू यायला लागलं. एवढ्या वेळा 'समोर बस' म्हणणारा माणूस मुरलेला असणार. मी मालकांना फोन करून पिसं चोरल्याचं सांगितलं. ते हसले. "अरे, आधीच शक घ्या म्हणायचं, म्हणजे कुणी घेत नाही. जुनी युक्ती आहे." त्या संध्याकाळी त्यांनी ही गोष्ट फर्दापूरच्या त्या दोन्ही हॉटेलवाल्यांना चवीनं सांगितली.

आठवड्यानं आपांचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता. "बीएस्सी, दोन्ही हॉटेलांची माणसं आली होती. न उसवलेल्या रजया उचलून घेऊन गेली. एकानं कारण सांगितलं. उद्या ये. तुझा काटा आण, आणि ती दुसरी हिरवी, पाकिटातली."

मी गेलो. आपा मला दुकानाच्या गच्चीवर घेऊन गेल्या आणि दूर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या. दोन्ही हात मांडीवर, मला दिसतील असे. "मी हात लावणार नाय. पाकीट तू फोड. तोल. दोरीवर टाक. संध्याकाळपर्यंत तिथून हलू नको."

दिवाळीआधीचं ऊन होतं. मी छत्री धरून दोरीपाशी बसलो. दोन तासांनी तोललं, चौदा ग्रॅम कमी. मला वाटलं, काटा बिघडला. शेजारच्या किराणा दुकानातून साखरेचं बंद पाकीट आणून तोललं, काटा बरोबर होता. दुपारी तोललं, सव्वीस कमी. उन्हं उतरली तेव्हा छत्तीस. शिवण शाबूत होती. रजईला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर. हवेतली आर्द्रता, बाष्प, सगळं परीक्षेत लिहून आलेलो. ती ओली आहे, हे आपांनी मला तोंडावर सांगितलं होतं. तरी वजन कमी दिसल्यावर मला पाणी आठवलं नाही, चोरी आठवली.

"आपा, पाणी होतं," मी म्हणालो.

"व्हय. पाणी होतं. ती पयली वाळवली तवा दोन दिवस ह्या गच्चीवर मीच बसले, तुझ्या जागी. कुणी उसवू नये म्हणून."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. "शक घेतला त्याचा राग नाय. शक मी पण घेते, रोज घेते. चहावाल्यावर घेते. पण त्याच्या तोंडावर घेते. त्याला जवाब देता येतो. तू तोंडावर विश्वास म्हणला आणि शक घेऊन घरी गेला. मी जवाब कुणाला देऊ? तुझ्या काट्याला?"

मग म्हणाल्या, "लाव फोन मालकाला. मोठ्यानं ऐकू येऊ दे."

मी लावला आणि सगळं सांगितलं. मालक म्हणाले, "बरं बरं, झालं गेलं. तिला सांग काही मनात ठेवू नका." हॉटेलवाल्यांना सांगाल का, असं विचारल्यावर म्हणाले, "आता ते उकरून कशाला काढतोस?" आणि फोन ठेवला. दोरीवरची रजई आपांनी आता उतरवली आणि तिची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दोन्ही हॉटेलांत गेलो. पहिल्यानं ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात रजया परत पाठवल्या. दुसरे शेठ ग्राहकाचं बिल करता करता म्हणाले, "असेल बाबा. पण एकदा मनात आलं ना, की नको वाटतं." त्यांच्या रजया नंतर कुठं भरल्या गेल्या, मला माहीत नाही.

राहिला माझा तक्ता. डिसेंबरात मी तिन्ही रजया एकेक करून झोळीखाली टांगून झोपलो. नारिंगीत पहाटे पाठ गारठली. राखाडीत आणि वाळलेल्या हिरवीत झोप सारखीच लागली. आपांनी पुन्हा बरणी लावली तेव्हा हिरवीची पिसं राखाडीपेक्षा दोन बोटं वर चढली, एवढाच फरक. किंमत मात्र जवळजवळ दुप्पट. आपांचा निकाल असा होता, "हिरवी वाईट नाय. पण दोन बोटांसाठी दुसऱ्या रजईचे पैसे देऊ नको. राखाडी घे, आणि आली की आधी ऊन दे." आम्ही बारा राखाडी घेतल्या. दरवर्षी पावसाळा संपला की त्या आपांच्या गच्चीवर वाळत. मी काटा घेऊन जायचो, आणि आधी-नंतरची वजनं त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचो. त्या ऐकायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "परत तोल."

गेल्या उन्हाळ्यात आपा गेल्या. मला चार दिवसांनी कळलं. दुकान आता त्यांची सून चालवते. तिनं सांगितलं, त्या शेठचं काम गेल्याचं आपा शेवटपर्यंत विसरल्या नव्हत्या. त्या काम गेल्याचं बोलायच्या नाहीत. म्हणायच्या, तिथं माझं नाव चोर म्हणून पडून आहे.

परवा मी पुन्हा त्या हॉटेलात गेलो. शेठना हे सांगण्याची माझी ही पाचवी वेळ. ते गल्ल्यावरून म्हणाले, "अरे, ती बाई वारली ना? आता कशाला?" दुपारची वेळ होती. चारपाच टेबलांवर माणसं जेवत होती, गावातली ओळखीचीही होती. शेठ खालच्या आवाजात बोलत होते. मी आवाज मुद्दाम चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "शेठ, हलिमाआपांनी पिसं घेतली नव्हती. ते पाणी होतं, आणि चोरीचं मी बोललो होतो."