स्पीकरमधली घरघर

पाटणला आमच्या शेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. गाण्यांसाठी त्यांनी हौसेनं मोठा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घेतले. पण शिवारातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं, स्पीकर घरघरायला लागायचे आणि काका गाणं बंद करायचे. आधी स्टॅबिलायझर आणला, मग वायरिंग बदललं, मग घरघर अडवणारे फिल्टर एकामागून एक आणले. भाकरी थापता थापता काकू म्हणायच्या, “आवं, ऱ्हाऊ द्या की चालू.”

“थांब गं, घरघर हाय अजून.”

त्या घरात मी पुरं गाणं कधी ऐकलं नाही.

त्यातच वर्षं गेली आणि काकूंचे कान गेले. कानाच्या मशीनचाही उपयोग झाला नाही.

परवा नवा फिल्टर बसवून काकांनी मला हाक मारली. पंप चालू होते, तरी आवाज अगदी स्वच्छ होता. काकू आल्या, स्पीकरवर तळहात ठेवून म्हणाल्या, “गेली व्हय घरघर?”

काकांनी त्यांच्याकडे बघत नकारार्थी मान हलवली. मग गाणं अर्ध्यावर बंद केलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो फिल्टर पुन्हा खोलायला बसले.