मोठ्या सरांच्या आवाजातला विचार

ताई बारावी पास झाली अन् भंडाऱ्याले डी.एड.ले तिचा नंबर लागला. आमच्या आळीत पोरीचा असा नंबर पहिल्यांदाच लागला होता. बाबानं पेढे वाटले. रात्री किराणा दुकान बंद करून आले अन् जेवता जेवता म्हणाले, "आता स्थळ पाहू. शिकवायचं का नाही, ते पोराकडचे ठरवतील. त्याईची सून, त्याईचा विचार."

ताई अर्ध्या ताटावरून उठली अन् भांडे घासायले बसली.

स्थळ मामानं आणलं, करडी गावाकडचं. पोरगा बँकेत, वडील रिटायर गुरुजी. पाहुण्याईनं तुमसरले आमच्या घरी यायचं ठरलं रविवारी, अन् डी.एड.ले हजर व्हायची शेवटची तारीख होती सोमवार. म्हणजे ताईचं शिकणं रविवारच्या चहापोह्यावर येऊन टेकलं होतं.

"पोरगा लय गरीब स्वभावाचा हाय," मामा म्हणाला. "पण गुरुजीले थोर माणसाईच्या विचाराचं येड हाय. मागच्या घरी पोरीले म्हणे, एक सुविचार सांग. पोरगी पाहतच राहिली. गुरुजी पोहे तसेच टाकून उठले."

"पोहे टाकून?" मायले त्या पोरीपेक्षा पोह्याचंच जास्त वाईट वाटलं.

सुविचार म्हटल्याबरोबर सारे माह्याकडे पाहायले लागले. मी नववीत होतो. प्रार्थनेनंतर फळ्यावरचा सुविचार रोज मीच वाचत होतो, हुशार म्हणून नाही, आवाज मोठा म्हणून. अन् रोज वाचून वाचून मले एक गोष्ट दिसली होती. फळ्यावर सत्यावरचा विचार लिहिला राहे, अन् त्याच्याच खाली उभं राहून आमचे मोठे सर, म्हणजे हेडमास्तर, सांगत, "उद्या साहेब येणार आहेत. विचारलं तर सांगायचं, प्रयोगशाळा रोज उघडते." वर विचार, खाली आपण. दोघंही एकमेकाच्या कामात पडत नव्हते. दुसऱ्या दिवशी फडकं मारलं का नवीन विचार.

बाबा म्हणाले, "तूच शिकव हिले. बाकी वेळ तर माकडचाळेच करून राहिला."

शिकवायले बसलो, तर ताईच्या डोक्यात काही जाऊनच नाही राहिलं. दहावीचा अख्खा भूगोल पाठ करणारी पोरगी, दोन ओळींवर अडकून राहिली. राग होता तिले. कोणावर, हे तिले बी सांगता येत नव्हतं.

मंग मी माह्या पद्धतीनं शिकवलं. वेळेवरचा विचार एस.टी.च्या कंडक्टरच्या आवाजात, "चला चला, मागं सरका" घालून. मेहनतीवरचा आमच्या दुकानात येणाऱ्या हमालाच्या आवाजात. अन् शिक्षणावरचा मोठ्या सरांच्या. मोठे सर बोलायच्या आधी नाकातून "हंऽऽ" करत, शेवटचं अक्षर ताणत, अन् मधात मधात "काय?" म्हणत. थोर माणसाच्या वाक्यात दोन वेळा "काय?" टाकलं, का ते वाक्य एकदम आमच्या शाळेचं वाटे.

ताई कितीतरी दिवसांनी हसली. अन् आवाजासकट सारे विचार तिले एका बैठकीत पाठ.

"पण पाहुण्यासमोर अशी नको म्हणू बरं."

"मी काय पागल हाव काय रे बाबू?"

रविवारी उकाडा असा का भिंतीले हात लावला तर भिंत ओली लागे. मामा आला, मागून गुरुजी, त्यांच्या मागं पोरगा. अन् दारात वाकून, टोपी सांभाळत, चौथा माणूस आत आला. मोठे सर! गुरुजी अन् ते एकेकाळी एकाच शाळेत शिकवत होते म्हणे. गुरुजीनं "चला पोरगी पाहायले" म्हटलं, अन् ते निघाले.

माह्या हातात पाहुण्याईचं पाणी होतं. ते ठेवलं अन् मी आत पळालो.

"ताई, मोठे सर आले!"

"मंग?"

"मंग काय मंग? शिक्षणावरचा सांगू नको. वेळेवरचा सांग, कंडक्टरचा."

"चूप बस, आठवते तेही विसरीन मी."

ती पोहे घेऊन बाहेर गेली. मी दाराच्या चौकटीले टेकलो. गुरुजीनं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकर येते का विचारलं. ताई नीट बोलत होती. मले वाटलं, निभलं.

"आता एक चांगला विचार सांग बाई," गुरुजी म्हणाले. "शिक्षणावर."

ताईनं डोळे खाली केले. अन् नाकातून आवाज आला, "हंऽऽ."

ती नक्कल करत नव्हती. तो विचार तिच्या डोक्यात तसाच बसला होता. आवाज काढून टाकला असता, तर विचारही निघून गेला असता. तिनं शेवटचं अक्षर ताणलं. पहिलं "काय?" आलं तेव्हा पोरानं मान खाली घातली. दुसरं "काय?" आलं तेव्हा त्याचे खांदे हलायले लागले. मामानं सुपारी चावायची थांबवली. मोठ्या सरांनी पोह्याची प्लेट हळूच खाली ठेवली. माय दाराआड उभी होती, ती तेवढी खुश होती, का पोरगी न अडखळता बोलली.

गुरुजीनं मोठ्या सरांकडे पाहिलं, मंग ताईकडे.

"विद्यार्थिनी तुमचीच दिसते," ते म्हणाले. हसले नाही. "राहू द्या. विचार बरोबर आहे. आता अर्थ सांग."

ताईचा चेहरा लाल झाला होता. आता रडते, असं मले वाटलं. पण ती तिच्या आवाजात बोलली.

"अर्थ असा, का पोरीनं शिकावं अन् कोणाच्या तोंडाकडे पाहायची पाळी तिच्यावर येऊ नये. मले भंडाऱ्याले डी.एड.ले नंबर लागला आहे. उद्या हजर व्हा लागते. तुम्ही हो म्हटलं, तर मी जाईन."

बाबाचा हात गुडघ्यावर घट्ट बसला होता.

गुरुजीनं उपरणं सारखं केलं. "विचार समाजासाठी असतात बाई. घराचं वेगळं असते. आमच्या सुना बाहेर कामाले जात नाहीत."

"मंग विचारलं काहून?"

"ए!" बाबा ओरडले.

पण ते बोलून झालं होतं. गुरुजी उठले. पोरानं एकदा ताईकडे पाहिलं, तोंड उघडलं, तेवढ्यात बापाचं "चल" आलं अन् तोंड मिटलं. मामा "गुरुजी, अहो गुरुजी, चहा तर घ्या," करत त्यांच्या मागं पळाला.

मोठे सर मात्र बसूनच राहिले. "इकडे ये," मले म्हणाले. "हिला कोणी शिकवलं असं?"

मी काही बोलायच्या आधी बाबानं अन् मायनं माह्याकडे बोट केलं.

"सगळी शाळा करते काय माझी नक्कल?"

"नाही सर. नववी ब वाले नाही करत. त्याईले जमत नाही."

ते हसले नाही. रागावलेही नाही. मध्येच बाबा बोलले, अन् त्यांचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता तसा होता.

"सर, चांगलं स्थळ गेलं आज. आता तुम्हीच सांगा मले. हे रोज पोट्ट्याईकडून वाचून घेता तुम्ही, ते करायचं असते, का नुसतं वाचायचं?"

मोठ्या सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझी पोरगी सातवीनंतर घरी बसवली मी," ते म्हणाले. "ती रोज डबा करून देत होती, अन् मी शाळेत येऊन शिक्षणावर वाचून घेत होतो. मला कोणी विचारलंच नाही, काहून म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे पाठवा हिला."

ते गेले. बाबा तसेच बसून. माय दाराआडून म्हणाली, "पोरीसोबत जाईल कोण एवढ्या लांब?"

आतून खरखर आवाज आला. ताई पलंगाखालून ट्रंक ओढत होती.

"हळू वो!" बाबा ओरडले. "मी अजून हो म्हटलं नाही!"

आवाज थांबला. बाबानं पंच्यानं मान पुसली, चपला पायात घातल्या, पुन्हा काढल्या.

"उद्या दुकान तू उघडशील," ते मले म्हणाले. "अन् गिऱ्हाईकाच्या तोंडावर त्याचाच आवाज काढला, तर याद राख."