माझ्या नावाचं लाल कुलूप

प्रिय रेवा आणि ईशान,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर रेवाने विचारलं होतं, "आजी, तू कधी भूत बघितलं आहेस का?" मी हसून विषय बदलला. शेजारून तुमचा बाबा म्हणाला, "आजीसमोर भूत आलंच तर ती आधी त्याची रजिस्टरमध्ये सही घेईल."

तो म्हणतो ते खोटं नाही. मी केमिस्ट्री शिकलेली बाई. सासूबाई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घ्यायच्या, तेव्हा मी धुराचा त्रास होतो म्हणून खिडकी उघडायचे. भूत, आत्मा, संकेत — यांवर माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही आहे असं म्हणवत नाही. पण एक गोष्ट माझ्या बाबतीत घडली आहे. तुमचे आजोबा आणि तेव्हाचे कामावरचे दोघं सोडले तर ती मी कुणाला पूर्ण सांगितलेली नाही. मराठी वाचताना कुठे अडलं तर बाबाला विचारा. त्यालाही यातलं निम्मं नवीनच असेल.

दोन हजार पाच सालचा नोव्हेंबर. आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहत होतो. आजोबा हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर, आणि मी एका इंडस्ट्रियल इस्टेटवरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला. तिथे लेझरने ॲक्रिलिक, लाकूड आणि एमडीएफ, म्हणजे भुसा दाबून केलेले तक्ते, कापून दुकानांच्या पाट्या बनवत. आम्ही सगळे मिळून पाच जण. मालक कीथ. लेझर चालवायला सुनील — चाळिशीचा, नागपूरचा, मला काकू म्हणायचा. ऑफिसचं काम, मालाच्या ऑर्डरी आणि फिल्टरचं रजिस्टर माझ्याकडे.

फिल्टरचं काय, ते सांगते. लेझरने वस्तू कापली की धूर निघतो, आणि तो विषारी असतो. तो ओढून घ्यायला एक मोठा पंखा आणि फिल्टरचं कपाट होतं. पुढे जाड धूळ अडवणारा प्री-फिल्टर, त्याच्यामागे बारीक फिल्टर, शेवटी पंचवीस किलो कोळशाचा डबा — वास शोषायला. मग स्वच्छ हवा छतातून बाहेर. हे कपाट एका खोलीत होतं. खोली कसली, आपल्या बाथरूमएवढी. तिचं दार बाहेर उघडायचं आणि माझं टेबल त्या दाराला अगदी लागून.

फिल्टर बदलायचा नियम कडक होता. खोलीबाहेर भिंतीवर पंख्याचा मुख्य स्विच होता, त्याला आम्ही आयसोलेटर म्हणायचो. तो बंद करायचा आणि त्याच्या मुठीच्या भोकात स्वतःचं लाल कुलूप अडकवायचं. प्रत्येकाचं कुलूप वेगळं. सोबत टॅग — त्यावर नाव, वेळ, काम. किल्ली स्वतःच्या खिशात. मगच आत जायचं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, मालकानेसुद्धा हात लावायचा नाही. आपण आत असताना बाहेरून कुणी पंखा सुरू करू नये, एवढ्यासाठी हे सगळं. हा नियम मोडला म्हणून मी एकदा सुनीलला अर्धा तास ऐकवलं होतं. तो निमूट ऐकून शेवटी म्हणाला होता, "काकू, तुम्ही आमच्या शाळेत हेडमास्तरीण असत्या तर मी डॉक्टर झालो असतो."

त्या शनिवारी आम्ही दोघंच होतो. सकाळी सुनीलने एमडीएफची मोठी ऑर्डर कापली आणि फिल्टर भरल्याचा लाल दिवा लागला. पाऊण वाजता तो मुलीला स्विमिंगला सोडायला निघाला.

"दोनला येतो. मग मिळून बदलू फिल्टर. तुम्ही एकट्या काही करू नका."

"नाही करत, जा तू."

तो गेला, मी पुढचं दार आतून लावून घेतलं. आणि फिल्टर बदलायला घेतला. दीड वाजता टोरांटोहून तुमच्या बाबाचा फोन यायचा, दर शनिवारी. त्याआधी काम उरकलं की निवांत बोलता येईल, एवढाच विचार. पंखा मी लेझरच्या पॅनेलवरून बंद केला. आयसोलेटर नाही. कुलूप माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. ते काढा, टॅग लिहा, रजिस्टर भरा — दहा मिनिटांच्या कामाला कोण करणार... मी, सुनीलला अर्धा तास ऐकवणारी मी, असा विचार केला.

लेझरकडून येणाऱ्या पाइपची झडप लावली, कपाटाचं झाकण काढलं. आत जागा नसायची म्हणून झाकण आम्ही नेहमी बाहेर भिंतीला टेकवून ठेवत असू. नवा फिल्टरही बाहेर, माझ्या टेबलावर. मास्क लावला, प्री-फिल्टर ओढून काढला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. तेवढ्यात पंखा सुरू झाला.

कीथने त्याच आठवड्यात टायमर बसवला होता. दुपारच्या शिफ्टआधी हवा साफ व्हावी म्हणून रोज एक वाजता पंखा आपोआप चालू. त्याची सूचना बोर्डवर मीच लावली होती, माझ्या अक्षरात.

मागे माझ्या पाठीशी दार धाडकन लागलं. मी वळून ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं, खांदा लावून. बोटभर फट पडली, शिट्टीसारखा आवाज झाला आणि दार परत बसलं. मला समजायला मिनिटभर लागलं. कपाट उघडं, पाइप बंद. म्हणजे पंखा आता फक्त या खोलीतली हवा ओढत होता, आणि बाहेरची हवा दाराला आत दाबून धरत होती. असं होऊ नये म्हणूनच दाराच्या खालच्या भागात जाळी ठेवलेली असते. त्या जाळीतून काळी भुकटी आणि गार वारा माझ्या पायांवर यायचा म्हणून मी दोन आठवड्यांपूर्वी बाहेरून पुठ्ठा लावून टेपने चिकटवला होता. छान, नीट, चारी कडांनी. जाळीच्या पट्ट्या वाकड्या असल्यामुळे आतून पेनसुद्धा पुठ्ठ्यापर्यंत पोहोचत नव्हतं.

मी ओरडले. कुणाला ऐकू जाणार? शनिवारी शेजारचे युनिट बंद. आणि त्या पंख्याच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. आतून बंद करायला स्विच नाही. मी स्वतःला समजावलं — सुनील दोनला येईल, तासभर उभं राहायचं आहे, त्यात काय. हवा तर खेळती होतीच. मग मला जळका वास आला.

एमडीएफ कापताना ठिणग्या उडतात. एखादी फिल्टरच्या भुकटीत जाऊन बसते आणि तासन्तास तशीच जिवंत राहते. पंख्याचा वारा लागला तशी ती फुलली. पिशवीला भोक पडलं, प्लॅस्टिक आक्रसत गेलं, आत लाल ठिपका... तो हळूहळू मोठा होत होता. मी पायाने दाबला, तो दुसरीकडे दिसला. धूर पंखा ओढून नेत होता म्हणून मी उभी होते. पण धुराबरोबर ठिणग्याही कपाटात ओढल्या जात होत्या, आणि कपाटात पंचवीस किलो कोळसा.

बाहेर माझा मोबाइल वाजला. दारापलीकडे, हातभरावर. पंख्याच्या आवाजातून तो कसा ऐकू आला ते विचारू नका, आला. दीड वाजला होता. वाजून वाजून थांबला.

तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. आपण इथून निघणार नाही, असं अगदी शांतपणे वाटलं. तुमच्या बाबाचं लग्नसुद्धा तेव्हा व्हायचं होतं. तुम्ही तर कुठेच नव्हता.

एक उपाय दिसत होता. धुमसणारा फिल्टर परत त्याच्या जागी बसवायचा. तो भुकटीने इतका भरला होता की हवेची ओढ नक्की कमी झाली असती, कदाचित दार उघडलं असतं. पण मग सगळा वारा त्या निखाऱ्यातून थेट कोळशात. दार उघडलं नाही तर संपलंच. मी दोन-तीनदा मनात उलटसुलट केलं. फोन परत वाजायला लागला. मी फिल्टर उचलला, गरम होता, कार्डिगनच्या बाह्या हातांवर ओढून घेतल्या... आणि पंखा थांबला.

हळूहळू नाही. कुणी मूठ फिरवल्यावर थांबतो तसा, खट् आवाज होऊन. दार आपणहून सैल झालं. मी तो फिल्टर घेऊनच बाहेर पडले, मागच्या दाराने अंगणात नेला, वाळूची बादली त्यावर पालथी केली आणि तिथेच खाली बसले. फोन आत अजून वाजत होता.

सुनील लवकर आला, असंच मला वाटलं. आत येऊन मी हाक मारली. कुणी नव्हतं. पुढचं दार मी लावलं होतं तसंच, आतून कडी. मागचं मी आत्ताच आतून उघडलं होतं. मग मी आयसोलेटरकडे पाहिलं.

मूठ बंदवर होती. तिच्यात लाल कुलूप. कुलुपावर माझं नाव. खाली टॅग.

मी हात लावला नाही. खुर्चीत बसून नुसती बघत राहिले. सुनीलने बेल वाजवली तेव्हा उठून कडी काढली.

"काकू, काय करून राहिल्या तुम्ही? चेहरा पाहा तुमचा, कोळसा विकून आल्यासारखा."

मी सगळं सांगितलं. तो आधी खोली बघून आला, मग अंगणातला फिल्टर, मग जाळीवरचा पुठ्ठा — तो आत ओढला जाऊन जाळीचे व्रण उमटलेला. नंतर टॅगपाशी वाकला.

"एस. पाटणकर. फिल्टर चेंज. एक पस्तीस." त्याने मला वाचून दाखवलं. "अक्षर तुमचंच आहे, काकू."

"हो."

"मग तुम्हीच लावलं असणार ना. भूतबित काही नसतं, आपण दोघंही मानत नाही. आत जायच्या आधी लावलं आणि घाबरून विसरल्या."

"आधी लावलं तर पंखा चालला कसा, सुनील? आणि वेळ एक पस्तीस?"

कपाटावर पंख्याचे तास मोजणारं मीटर होतं, त्याची नोंद मी रोज घ्यायचे. मी रजिस्टर उघडलं. सकाळपासून पंखा किती चालला ते लेझरच्या नोंदीवरून काढलं. त्याहून पस्तीस-छत्तीस मिनिटं जास्त भरत होती — एक वाजल्यापासूनची. मोबाइल पाहिला. बाबाचे दोन मिस्ड कॉल, दीडचा आणि एक चौतीसचा. ड्रॉवर बंद होता. उघडला तर कुलूप नाही, आणि टॅगच्या पॅडचं वरचं पान फाडलेलं.

"किल्ली कुठाय?"

माझ्या कार्डिगनच्या खिशात होती, सेफ्टी पिनने अडकवलेली. सकाळपासून.

"मी कापू कुलूप?" त्याने विचारलं, आणि स्वतःच मागे सरला. "नाही बाप्पा. तुमचं आहे, तुम्हीच काढा."

मी किल्ली लावली. नोव्हेंबरातलं ते कुलूप गार असायला हवं होतं. बराच वेळ कुणी मुठीत धरून ठेवावं, तसं लागलं. कदाचित माझेच हात गरम असतील. किल्ली सहज फिरली.

सोमवारी मी कीथला सांगितलं. दुसरी किल्ली त्याच्या घरी तिजोरीत, बंद पाकिटात होती. त्याने पाकीट आणून टेबलावर ठेवलं — सील जसंच्या तसं. दुपारी सुनीलने पुठ्ठा फाडून टाकला आणि कीथने दाराला दुप्पट मोठी जाळी बसवून घेतली. टायमर काढला. मग त्याने अपघाताचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"सुमती, मला एक गोष्ट समजत नाही," तो म्हणाला. त्याचं इंग्लिश मी माझ्या मराठीत लिहिते आहे. "कुलूप तुझं, अक्षर तुझं, किल्ली तुझ्या खिशात. मग लावलं कुणी, हा प्रश्न तू का विचारतेस?"

"कारण मी आत होते, कीथ."

"ते असो. पण कुलूप लावलेलं नव्हतं असं तू लिहिलंस, तर मला तुला कामावर ठेवता येणार नाही. हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे."

त्या पुस्तकात एक रकाना होता — स्विच कुणी बंद केला, कुलूप कुणी लावलं. जाळी मी बुजवली, टायमर विसरले, एकटीनेच काम काढलं, हे सगळं मी खरं खरं लिहिलं होतं. त्या एका ओळीपाशी अडले. घरी आजोबांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "अगं, धुरात माणसाला काहीही भास होतात. भूल देताना मी रोज बघतो." मी म्हटलं, "अहो, मला भास झाला असेल. मीटरला कसा होईल?" त्यावर त्यांनी चहा पुढे केला होता.

शेवटी मी त्या रकान्यात लिहिलं — 'स्वतः'. कीथने सही केली आणि पुस्तक कपाटात गेलं. पुढे चार वर्षं मी तिथे काम केलं आणि एकदाही कुलूप लावल्याशिवाय आत गेले नाही.

रेवा, मी भूत पाहिलेलं नाही. आयुष्यात मी शेकडो रजिस्टरं भरली आणि त्यातली प्रत्येक नोंद खरी आहे, असं छातीवर हात ठेवून सांगू शकते. फक्त ती एक ओळ खरी लिहिली की खोटी, हे मला आजही माहीत नाही.

तुमची,
आजी