न चावता गिळायचा गोळा

सत्तरच्या दशकात धरमपेठेतल्या आमच्या मागच्या खोलीत घाना देशातला एक स्वयंपाकी भाड्याने राहत होता. इथल्या एका हॉटेलात तो साहेबी जेवण रांधायचा आणि सुटीच्या दिवशी स्वतःच्या घरचं. आम्ही नागपूरकर तिखटाच्या बाबतीत कोणाच्या बापाला भीत नाही, पण त्याच्या शेंगदाण्याच्या रश्श्याने माझ्याही डोळ्यांतून पाणी काढलं. तेव्हापासून मी त्याची शिष्या.

त्याच सुमाराला सासूबाईंचा शेवटचा दात पडला आणि त्या आमच्यासोबत जेवायला बसेनाशा झाल्या. सगळ्यांचं आटोपलं की भिंतीकडे तोंड करून दुधात कुस्करलेली भाकर खायच्या, तीही चतकोर. मऊ भात वाढला तर म्हणायच्या, "मी काय बाळंतीण आहो?" दोन महिन्यांत बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी चिडते, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

एका रविवारी मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "हमारे यहाँ तो दाँतवाला भी नहीं चबाता." त्याच्याकडे कंद उकडून, कुटून गोळा करतात, रश्श्यात बुडवतात आणि सरळ गिळतात. चावणाऱ्याला लोक हसतात.

तो कंद नागपुरात आणायचा कुठून? आम्ही उकडलेली कच्ची केळी आणि बटाटे घेऊन उखळापाशी बसलो. मुसळ त्याच्या हातात. दोन घावांच्या मध्ये ओल्या हाताने गोळा उलटायचा, हे काम माझं. मी दर वेळी घाबरून हात अर्ध्यातूनच मागे घ्यायची. त्याने मुसळ वर धरून वाट पाहायची, मी देवाचं नाव घ्यायचं. अशाने तो गोळा दिवाळीपर्यंत झाला असता.

सासूबाई दारातून बघत होत्या. रामटेककडच्या गावात धान कांडण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्यांना राहवलं नाही.

"ऊठ वं. ठेका चुकून राहिला तुमचा."

माझ्या जागी बसून त्याला म्हणाल्या, "मार गा, थांबू नको." त्यांचा हात घावांमधून असा सरसर फिरला की मीच डोळे मिटले. गोळा गुळगुळीत झाला.

रस्सा मी केला. सवयीने फोडणी द्यायला निघाले, तर गुरूने मुकाट्याने मोहरीचा डबा लपवला.

पानं वाढताना मी सासूबाईंचं ताट भिंतीपाशी ठेवलं. त्यांनी ते उचलून आमच्यात आणलं.

"गोळा म्या केला, अन् कोपऱ्यात काहून बसू?"

चावायचं नाही, चावलं तर हसतात, हे त्याने त्यांनाही सांगितलं होतं. त्यांनी एक घास बुडवला, गिळला. मग दुसरा. मग तिसरा. मला भरून आलं, ते दिसू नये म्हणून मी खाली मान घालून तोंडातला घास चावत बसले.

"पाहा गा," त्या त्याला म्हणाल्या, "चावून राहिली!" आणि तोंडावर पदर न घेता हसल्या.