खंडेनवमीला घासलेला फिल्टर

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला तुमची रिमोटची गाडी दाखवलीत. टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत एक लहानसा फिल्टर होता. तुम्ही विचारलंत, "आजी, तुला माहितीये हे काय असतं?" मी "हो" म्हणाले आणि विषय बदलला. त्याचं उत्तर नीट लिहून पाठवते.

अशी एक गाडी आपल्या देवळालीच्या घरी होती. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या दोनतीन वर्षांतली ही गोष्ट. तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ, माझा दीर, मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता. एका सुट्टीत त्याने परदेशातून ती गाडी सुट्या भागांत आणली, बरोबर इंधनाचा एक पत्र्याचा डबा. माहितीपत्रक इंग्रजीत होतं. त्याला वाचता येत होतं, तरी तो म्हणायचा, "वहिनी, तुम्ही वाचा, मी जोडतो. माझे हात तेलाचे आहेत." मग मी ओटीवर बसून वाचायची. फिल्टरबद्दल त्यात दोनच ओळी होत्या: इंजिनाचं छिद्र सुईच्या टोकाएवढं असतं, म्हणून इंधन गाळूनच आत गेलं पाहिजे, आणि फिल्टर धुवायचा तो इंधनानेच.

तो फिल्टर पितळेचा होता, भुईमुगाच्या शेंगेएवढा. मधून फिरवला की त्याचे दोन भाग व्हायचे आणि आत बारीक जाळी दिसायची.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. गाडी पाहून त्या म्हणाल्या, "एवढा समिंदर हिंडून आला, अन् आनलं काय, तर मिसरीच्या डबीएवढं इंजान!"

"आई, साधं नाही ते. त्याच्या तेलात एरंडेल असतं."

"एरंडेल? मंग पोट तरी साफ असंल तिचं."

तो हसून हसून खाली बसला. संध्याकाळी खळ्यावर गाडी सोडली, की तिचा कर्कश आवाज पार कॅनॉलपर्यंत जायचा. आत्याबाई कानांवर पदर घ्यायच्या, पण उठून जायच्या नाहीत. जळक्या एरंडेलाचा वास त्याच्या कपड्यांना, केसांना लागलेला असायचा.

पुढच्या सुट्टीत तो कावीळ घेऊनच घरी आला. श्रीरामपूरच्या दवाखान्यात नेला, तिथून नगरला. परत आणला तो बोलत नव्हता. त्याचं लग्नही व्हायचं होतं.

वर्षभर घरात सण झाला नाही. गाडी मी जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती. डब्याच्या तळाशी थोडं इंधन उरलं होतं, तेही बूच घट्ट लावून ठेवलं. तसलं इंधन आपल्याकडे मिळत नव्हतं.

त्याचं वर्षश्राद्ध झालं आणि पाठोपाठ नवरात्र आलं. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पूजेला मांडतात: विळे, खुरपी, नांगराचा फाळ, विहिरीवरच्या इंजिनाचे पाने. आत्याबाई माझ्याकडे येऊन उभ्या राहिल्या.

"त्याची गाडी काढ. त्याचंबी हत्यारच हाय ते. पूजा करू, अन् उद्या दसऱ्याला एकदा आवाज ऐकू दे मला. एकदाच. मला त्याचा आवाज आठवंना झालाय गं."

तुमच्या आजोबांनी गाडी काढून पुसली. डबा हलवून पाहिला. एक टाकी भरेल इतकंच इंधन होतं. फिल्टर काढून त्याचे दोन्ही भाग त्यांनी थोड्या इंधनात धुतले आणि वाळायला ताटलीत ठेवून ते बैलांकडे गेले. मी चुलीपाशी होते.

आत्याबाई अंगणात देवाची उपकरणी घासत होत्या. ताटलीतलं पितळ काळवंडलेलं दिसलं, ते त्यांनी उचललं. चिंच लावली, चुलीतली राख लावली आणि बोटाने आतून-बाहेरून घासलं. समया, निरांजन, फिल्टर, सगळं एका ओळीत उन्हात ठेवलं. सोन्यासारखं झालं होतं. त्यावर हळदकुंकू वाहिलं.

पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. दसऱ्याच्या सकाळी आजोबांनी फिल्टरचे भाग एकमेकांत फिरवून नळीत बसवले. लखलखीत होता, त्यात काय बघायचं? शेणाने सारवलेल्या खळ्यावर गाडी ठेवली. आत्याबाई काठावर बसल्या. आजोबांनी इंजिन सुरू करायची दोरी ओढली आणि ते लागलं.

तोच आवाज होता. पहिला फेरा नीट झाला. निळसर धूर आमच्या अंगावर आला तेव्हा आत्याबाईंनी या वेळी कान झाकले नाहीत, डोळे मिटून घेतले. मग आवाज बारीक झाला, चिरका होत गेला आणि एकदम थांबला. गाडी खळ्याच्या मध्यावर उभी राहिली. आजोबांनी पुन्हा दोरी ओढायला घेतली; चाक जागचं हलेना. इंधन न पोचल्याने इंजिन आतल्या आत तापून जाम झालं होतं.

त्यांनी फिल्टर उघडला. जाळीच्या पलीकडच्या, इंजिनाकडच्या भागात ओली राख चिकटली होती; तीच पुढे जाऊन छिद्रात बसली होती. बोटावर घेऊन त्यांनी मला दाखवली. टाकी अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

"काय झालं रं?" आत्याबाईंनी काठावरूनच विचारलं.

आजोबांनी बोट धोतराला पुसलं. "तेल संपलं, आई."

"व्हय का." त्यांनी पदर नाकाशी नेला. "वास मातर त्योच हाय बघ. न्हाऊन आला तरी जायचा न्हाई त्याच्या अंगाचा. तेल मिळालं की पुन्यांदा लावशील ना?"

"लावीन."

दुसरं काय म्हणणार होते ते? राखेचं सांगितलं असतं, तर त्यांनी आयुष्यात पुन्हा पितळेला हात लावला नसता. पण आम्ही सांगितलं नाही, त्यामुळे त्या वाट पाहत राहिल्या. दर खंडेनवमीला गाडी पूजेला यायची. आत्याबाई फिल्टर स्वतः मागून घ्यायच्या, चिंच आणि राख लावून घासायच्या, आणि दरवर्षी तुमच्या आजोबांना विचारायच्या, "तेल मिळालं का रं?"

"अजून न्हाई, आई."

शेवटच्या वर्षी त्यांना दिसत नव्हतं. तरी फिल्टर त्यांनी हाताने चाचपून घासला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "नीट बघ गं, काळं र्‍हायलं न्हाई ना कुठं?"

मी म्हणाले, "नाही, आत्याबाई. लख्ख झालाय."