माळ्यावरचा तिरकमठा

माझा साखरपुडा झाला त्या वर्षी माझा आवाज बंद करायचा निर्णय घरात एकमताने झाला. एकमत म्हणजे आई, बाबा आणि थोरला भाऊ. माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

आवाजाबद्दल आधी सांगायला हवं. आमची भातशेती खाडीच्या बांधाला लागून होती. दसऱ्याच्या सुमाराला दाणा दुधात आला की पोपट, चिमण्या झुंडीने उतरायच्या. मग शेतात चार खांबांवर माळा बांधायचा, वर बसून गोफण फिरवायची आणि ओरडायचं. गोफणीच्या दगडाला पाखरं थोडीफार भितात. खरी भितात ती ओरडण्याला. नुसतं हाऽ हूऽ करून भागत नाही, पाखरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा लागतो, आयाबहिणींसकट. तशी आमच्याकडची रीतच होती. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या बायका माळ्यावर चढल्या की अशा काही सुटायच्या की खालून जाणाऱ्या पुरुषांनी माना खाली घालाव्यात. त्यात माझा हात धरणारं आमच्या गावात कुणी नव्हतं.

पण सोयरीक जुळली ती नेमकी पलीकडच्या गावात. मध्ये खाडीचा एक फाटा, आणि फाट्याच्या त्या काठाला माझ्या होणाऱ्या सासरचं शेत. भरतीच्या पाण्यावरून आवाज कसा जातो ते खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको. आईने कपाळाला हात लावला. होणाऱ्या सासूने सुनेच्या तोंडची ही रत्नं ऐकली तर सोयरीक मोडेल, म्हणून यंदा माळ्यावर बाबा बसतील, मी घरात राहीन, असं ठरलं. बाबा माळ्यावर बसायचे म्हणजे जेवण झाल्यावर टोपी डोळ्यांवर ओढून झोपायचे. पाखरांना ते पुरतं ठाऊक होतं.

मला रडू आलं. माळ्यावर आपल्याला कुणी काम सांगत नाही. वारा असतो, खाली हिरवंपिवळं भात असतं, पलीकडे खाडी चमकत असते आणि पोटात असेल नसेल ते सगळं ओरडून टाकता येतं. बापाच्या शेतातला माझा तो शेवटचा हंगाम होता आणि तो मला हवा होता. मी बाबांच्या इतकी मागे लागले की शेवटी ते म्हणाले, "तोंड न उगडता पाखरा हाकलशील तं जा."

मला वाटलं, एवढंच ना?

डोंगराकडून मोळ्या विकायला येणाऱ्या माणसांच्या खांद्याला मी तिरकमठा पाहिला होता. तो बसल्या जागेवरून, मुकाट्याने चालवता येतो. त्यांचा बांबूचा असायचा. आमच्या घरचा बांबू मात्र सगळा माळ्यालाच लागायचा. पण ठाण्याच्या रस्त्यावर तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते आणि भाऊ त्यातल्या एकात लागला होता. यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून यायची त्यातली एक फळी त्याने घरी आणली होती. परदेशी लाकूड, फिक्या रंगाचं, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, मध्ये कुठे गाठ नाही. मी ती उभी करून पाहिली तर माझ्या कपाळापर्यंत आली. पाऊस नुकता लागला होता, दसऱ्याला अवकाश होता. म्हटलं, झाला आपला तिरकमठा.

इथे मी माझं डोकं चालवलं. मामाची होडी होती. होडीचं लाकूड आधी खाडीच्या चिखलात पुरून मुरवतात, मग त्याला कीड लागत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. चांगलं लाकूड म्हणजे चिखलात मुरलेलं लाकूड, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. मी फळी बांधाखालच्या चिखलात पुरली, खुणेला काठी रोवली आणि गणपती येईपर्यंत वाट पाहिली.

बाहेर काढली तेव्हा ती काळपट आणि जड झाली होती. शेजारच्या काकांचा लाकूड तासायचा वाकस मागून आणला. मधे मुठीपुरती जागा जाड ठेवायची आणि दोन्ही टोकांकडे निमुळतं करत न्यायचं, एवढा अंदाज होता. वाकस असा चालत होता की मला माझ्याच हाताचं कौतुक वाटू लागलं. मग ताण देऊन पाहावं तर वरची बाजू जास्त वाकायची. म्हणून खालची तासली. आता खालची जास्त वाकू लागली. म्हणून वरची तासली. हौशी माणूस आपली मिशी दोन्हीकडून सारखी करायला बसतो आणि शेवटी मिशीच उरत नाही, तशी गत व्हायची वेळ आली. पण कधीतरी दोन्ही बाजू सारख्या झाल्या. मामाकडून जाळ्याची सुती दोरी आणली, तिला पीळ घालून, मेण लावून ती चढवली आणि बोरूचा बाण लावून अंगणात सोडला.

बाण माझ्या पायाशी पडला. तिथे एक कोंबडी दाणे टिपत होती, तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

दोरी काढली तरी तिरकमठा वाकलेलाच राहिला. बाबा हसून हसून ओटीवर आडवे झाले. ओलं लाकूड वाकतं पण उसळून पुन्हा सरळ होत नाही, हे मला तेव्हा कळलं. होडीला जे हवं तेच तिरकमठ्याला नको, हे माझ्या सात पिढ्यांत कुणाला कळायचं कारण नव्हतं. रागाने मी तो चुलीवरच्या वाशाला घट्ट, सरळ बांधून टाकला. पावसाळ्यात सुके बोंबील तिथेच धुरावर टांगलेले असायचे. आई म्हणाली, बरं झालं, बोंबील अडकवायला दांडी झाली.

नवरात्रात मांजर त्या दांडीवरून बोंबलांना हात घालत होतं, म्हणून मी ती उतरवली. उचलल्याबरोबर हाताला हलकी लागली. बोटाने टिचकी मारली तर टणटण वाजली. दोरी चढवली, ओढली आणि सोडली. बाण अंगण ओलांडून, कुंपणावरून, शेजारच्या काकांच्या परसात गेला. बाबांचं हसू थांबलं. मी फुटक्या काचेने घासून तो गुळगुळीत केला, पण बोंबलाचा वास काही जाईना. दसरा झाला आणि मी तिरकमठा घेऊन, तोंड मिटून माळ्यावर चढले.

पहिला बाण फार देखणा गेला. पाखरं उडाली, गोल फिरली आणि पुन्हा तिथेच बसली. दुसऱ्या बाणाला निम्मी उडाली. मग प्रत्येक बाणासाठी माळ्यावरून उतरा, चिखलातून जा, बाण शोधा, पुन्हा चढा. तोवर पाखरांचं जेवण उरकायचं. सकाळभर मी खालीवर करत होते आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. शेवटी एका पोपटाने आख्खी लोंबी तोडली आणि ती चोचीत धरून, सावकाश, माझ्या नाकासमोरून गेला.

माझं डोकं फिरलं. तिरकमठा खाली टाकला, उभी राहिले आणि त्या पोपटाच्या आजीपासून सुरुवात केली. सगळं शेत एका झपाट्यात रिकामं झालं. पाखरांचा थवा भरलेल्या खाडीवरून पलीकडे गेला. तेव्हा कुठे मला मी काय केलं ते उमगलं आणि मी तोंडावर हात दाबला.

मग पलीकडच्या माळ्यावरून एका बाईचा आवाज आला. पोपटाच्या पणजीबद्दलचं जे तिने काढलं, ते मीही कधी ऐकलं नव्हतं. पाखरं पुन्हा उडाली. पाठोपाठ तोच आवाज म्हणाला, "तुजी पाखरा हिकरं धारू नको गो पोरी!"

मी पळत घरी आले. रात्री जेवले नाही. ती कोण असेल ते मला कळलं होतं, आणि आता सोयरीक मोडल्याचा निरोप येणार हेही. आईला सांगायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गावांत मासळी विकणारी कोळीण दारात आली. टोपली उतरवायच्या आधीच तिने बाबांना सांगितलं की पलीकडच्या विहीणबाईंचा निरोप आहे. त्या म्हणे काल सकाळभर बघत होत्या, ही पोरगी काठ्या फेकते काय, वेचते काय. आईने पदर तोंडाला लावला. बाबा उठून उभे राहिले. कोळणीने हसू दाबलं आणि निरोप जसाच्या तसा सांगितला: "लग्नात ती काठी आनू नको म्हनं. गला घेऊन ये."

मग बाबा आत गेले, खुंटीवरची गोफण काढली, झटकली आणि माझ्या हातात दिली.

"जा," ते म्हणाले. "वाट बगत आसल ती."